टीम एक, गावं अनेक : दूर बसून सॉफ्टवेअर बनवायला कसं शिकवतात?

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, मुलाला कम्प्युटरला घालायचंय. कोणती लँग्वेज शिकला की नोकरी लागेल?" जावा, पायथन ही नावं आता मालेगाव, मिरज, परभणीच्या मोहल्ल्यांतही सगळ्यांना माहीत झाली आहेत. आईवडील कर्ज काढून, दागिने मोडून फी भरतात. त्यामुळे हा प्रश्न त्यांनी विचारणं साहजिकच आहे.

पण हा प्रश्न अर्धा आहे. आज मोठं सॉफ्टवेअर एका खोलीत बसून क्वचितच बनतं. पुण्याच्या हिंजवडीत बसलेल्या इंजिनिअरच्या टीममधला एक जण बंगळुरूत असतो, दुसरा युरोपात, तिसरा अमेरिकेत. ज्याच्यासाठी काम चाललंय तो ग्राहक आणखी चौथ्याच ठिकाणी. यातले कित्येक जण वर्षानुवर्षं एकमेकांना प्रत्यक्ष भेटत नाहीत. अशा टीममध्ये प्रोग्रामिंगची लँग्वेज येणं ही पहिली पायरी झाली. त्यानंतर लागतं ते वेगळंच हुनर: न भेटलेल्या माणसाबरोबर एकच काम पूर्ण करण्याचं.

हे हुनर कॉलेजात शिकवता येतं का? जगातल्या काही विद्यापीठांनी पंचवीसेक वर्षांपूर्वीच याची सुरुवात केली. त्यांनी काय केलं आणि त्यातून आपल्या मुलांनी काय घ्यावं, ते आज समजून घेऊ या.

अंतरामुळे नक्की काय अडतं?

कोणी म्हणेल, फोन आहे, व्हिडिओ कॉल आहे, मग अंतर राहिलंच कुठे? याचं उत्तर एका जुन्या अभ्यासात आहे. जेम्स हर्ब्स्लेब आणि ऑड्रिस मॉकस या दोन संशोधकांनी लुसेंट या टेलिफोन क्षेत्रातल्या कंपनीच्या कामाच्या नोंदी तपासल्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असं दिसलं, की सॉफ्टवेअरमधला बदल एकाच ठिकाणच्या लोकांनी केला तर जितका वेळ लागतो, त्याच्या सुमारे अडीच पट वेळ वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांनी मिळून केला तर लागतो. माणसं आळशी होती म्हणून असं झालं नव्हतं. दूरच्या कामात जास्त लोकांना मध्ये घ्यावं लागत होतं, आणि उशिराचं मोठं कारण तेच होतं.

एका ऑफिसात बसलेली माणसं चहाच्या टपरीवर, जिन्यात, जेवताना बोलत असतात. "अरे, ते बटण तू काढलंस का?" एवढ्या एका वाक्यात दोन दिवसांचं काम वाचतं. दूरच्या टीममध्ये हे वाक्य आपोआप निघत नाही. ते मुद्दाम लिहावं लागतं, कुणाला लिहायचं ते माहीत असावं लागतं, आणि उत्तराची वाट पाहावी लागते.

त्यात घड्याळाची भर. समजा पुण्यातल्या मुलीनं हिवाळ्यातल्या एका सोमवारी संध्याकाळी सहाला कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्याला विचारलं, "ती फाइल चालत नाही, काय करू?" तिथे तेव्हा पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. तो सकाळी नऊला ऑफिसात येतो आणि विचारतो, "कोणती फाइल?" पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेदहा. मुलगी ते मंगळवारी सकाळी वाचते, फाइलचं नाव कळवते. तिकडे तोवर सोमवारची संध्याकाळ झालेली असते आणि तो घरी गेलेला असतो. खरं उत्तर तिच्या हाती पडतं बुधवारी सकाळी. पहिल्याच वेळी फाइलचं नाव, काय केलं आणि पडद्यावर कोणता संदेश आला हे तीन ओळींत लिहिलं असतं, तर मंगळवारी काम पुढे सरकलं असतं. अर्धवट प्रश्नाची किंमत इथे चोवीस तास आहे.

तीन प्रयोग

पहिला प्रयोग रुनस्टोन नावाचा. १९९८ च्या सुमारास स्वीडनचं उप्साला विद्यापीठ आणि अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं ग्रँड व्हॅली स्टेट विद्यापीठ यांनी विद्यार्थ्यांच्या मिश्र टीम बनवल्या. काम काय? लाकडी चक्रव्यूहाचा एक खेळ असतो. फळी कलती करत गोळी खड्ड्यांत पडू न देता शेवटापर्यंत न्यायची. या फळीला मोटर जोडून ती सॉफ्टवेअरनं चालवायची. दोन देशांच्या घड्याळात बहुतेक काळ सहा तासांचा फरक, त्यामुळे एकाचं कॉलेज सुटायच्या वेळेला दुसऱ्याचं भरायचं.

दुसरा प्रयोग २००३ पासूनचा. स्वीडनमधल्या वेस्टेरोस शहराचं मेलार्डालेन विद्यापीठ आणि क्रोएशियाचं झाग्रेब विद्यापीठ यांनी मिळून एक सामाईक अभ्यासक्रम सुरू केला. पुढे इटलीतल्या मिलानचं तंत्रविद्यापीठही त्यात आलं. गंमत अशी, की स्वीडन आणि क्रोएशियाच्या घड्याळात फरक नाही. तरीही दूर असण्याच्या अडचणी यायच्याच, कारण बोलण्याची पद्धत, कामाच्या सवयी आणि शिक्षणाची पार्श्वभूमी वेगवेगळी होती.

तिसरा प्रयोग २००७ पासून स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या ईटीएच या संस्थेत बर्ट्रांड मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. यात मिलान, युक्रेनमधलं ओडेसा, रशियातलं निझ्नी नोवगोरोद, व्हिएतनाममधलं हनोई, अर्जेंटिनातलं रिओ कुआर्तो अशा ठिकाणची विद्यापीठं सामील होत गेली. एक सॉफ्टवेअर तुकड्यांत वाटायचं, एकेक तुकडा एकेका देशातल्या गटाकडे द्यायचा आणि शेवटी सगळं जोडून चालवून दाखवायचं.

तिन्ही ठिकाणी शिक्षकांना विद्यार्थ्यांची अडचण टाळता आली असती. सगळ्यांना एकाच वर्गात बसवून 'दूरच्या टीमचे फायदे-तोटे' फळ्यावर लिहून दिले असते, परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न टाकला असता. त्यांनी तसं केलं नाही. विद्यार्थ्यांना खरोखरच त्या अडचणीत सोडलं आणि शिक्षक बाजूला उभे राहिले. पोहायला शिकवायचं तर पाण्यात उतरवावंच लागतं.

काय काय शिकवावं लागतं?

१) सीमारेषा लिहून ठेवणं. शेत दोन भावांत वाटलं तर बांध कुठे ते ठरवावं लागतं. तसंच दोन गटांच्या कामाचं असतं. मेयर यांनी सॉफ्टवेअरमध्ये 'करार' ही कल्पना रुजवली. समजा एक गट बँकेतून पैसे काढण्याचा भाग लिहितोय. त्यानं आधीच लिहून द्यायचं : माझ्याकडे येणारी रक्कम शून्यापेक्षा जास्त आणि शिलकीइतकी किंवा कमी असली पाहिजे. तसं असेल तर माझं काम झाल्यावर शिल्लक बरोब्बर तेवढीच कमी झालेली असेल. दुसऱ्या गटानं आतला कोड न पाहता या करारावर भरवसा ठेवून आपलं काम करायचं.

करार पाळला नाही तर काय होतं, त्याचं उदाहरण अवकाशात आहे. अमेरिकेच्या नासानं मंगळाकडे पाठवलेलं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झालं. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरनं धक्क्याचे आकडे पौंड या इंग्रजी मापात दिले, आणि दुसऱ्या शहरातली टीम ते न्यूटन या मेट्रिक मापात आहेत असं धरून चालली. मेट्रिक मापच वापरायचं, हे कागदावर ठरलेलं होतं! शिवाय मार्ग मोजणाऱ्या काही जणांना आकड्यांत काहीतरी गडबड जाणवली होती. पण ती शंका रीतसर नोंदवून शेवटापर्यंत तडीस नेली गेली नाही. दोन्ही बाजूंना हुशार माणसं होती, तरी यान गेलं.

२) 'होऊन जाईल' बंद करणं. आपल्या बोलण्यात 'होऊन जाईल' याचे निदान तीन अर्थ आहेत. नक्की करतो, बघतो जमलं तर, आणि मला नाही म्हणायचा संकोच वाटतोय. समोर बसलेला माणूस चेहऱ्यावरून अर्थ ओळखतो. चार हजार मैलांवरच्या माणसाला ते ओळखता येत नाही. तो 'होऊन जाईल' म्हणजे पक्कं वचन समजतो आणि त्यावर पुढचं काम आखतो. उर्दूतला 'कल' तर आणखी अवघड, गेलेला दिवसही तोच आणि येणारा दिवसही तोच! म्हणून विद्यार्थ्यांना लिहायला लावायचं : कोण करणार, काय करणार, कोणत्या तारखेला किती वाजता, आणि अडलं तर कधी कळवणार.

३) तारीख, वेळ आणि आकडे. ०३/०४ ही आपल्याकडे तीन एप्रिल, अमेरिकेत चार मार्च. म्हणून महिन्याचं नाव अक्षरात लिहायचं. 'दीड लाख' हे बाहेरच्या देशात कुणाला कळत नाही. भारताचं घड्याळ वर्षभर एकच राहतं, पण युरोप आणि अमेरिकेत उन्हाळ्यात ते तासभर पुढे करतात. त्यामुळे पुणे आणि झुरिक यांच्यातला फरक हिवाळ्यात साडेचार तास, तर उन्हाळ्यात साडेतीन. ही गोष्ट विसरली की अर्धी टीम मीटिंगला तासभर आधी येऊन बसते.

सुट्ट्यांचं कॅलेंडरही पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी मिळून भरायचं. युरोपात नाताळच्या आसपास ऑफिसं ओस पडतात, आपल्याकडे दिवाळीत. ईदचं तर आपल्याला ठाऊकच आहे, चंद्र दिसल्यावर ठरते. परदेशी साथीदाराला हे आपोआप कळणार नाही. "या दोन दिवसांपैकी एका दिवशी मी नसेन, नक्की आदल्या संध्याकाळी सांगेन" असं आधीच लिहून टाकलं तर कुणाचंही काम अडत नाही. न सांगता गैरहजर राहिलं, तर समोरचा त्याला बेजबाबदारपणा समजतो.

४) कामाची वही. एकाच फाइलवर पाच देशांतले पाच जण काम करू लागले तर कुणी काय बदललं? यासाठी 'गिट' नावाचं साधन वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली बनवलं, कारण त्यांच्या लिनक्स या प्रणालीवर जगभरातले प्रोग्रामर काम करत होते. गिटमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहते : कुणी केला, केव्हा केला, आणि का केला. हे 'का' माणसानं स्वतः लिहायचं असतं. 'बदल केले' एवढंच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकानं नोंद परत लिहायला लावली पाहिजे. 'फोन नंबर रिकामा असला तर फॉर्म बंद पडत होता, तो दुरुस्त केला' ही खरी नोंद. सहा महिन्यांनी येणारा नवखा मुलगा तीच वाचून शिकणार असतो.

५) गुण देणं. शिक्षक म्हणून आम्हाला हा भाग सगळ्यांत कठीण वाटतो. सहा जणांच्या टीमला सारखेच गुण दिले तर काम न करणाराही पास होतो. प्रत्येकाला वेगळे दिले तर कुणी कुणाला मदतच करत नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी दोन्ही मिसळतात. काही गुण अंतिम सॉफ्टवेअरला, काही प्रत्येकाच्या नोंदींना, आणि काही टीममधल्या साथीदारांनी एकमेकांच्या कामाबद्दल दिलेल्या मताला. केवळ गिटमधल्या नोंदी मोजून चालत नाही. एखाद्यानं दहा ओळी लिहिल्या असतील, पण दोन गटांतला गैरसमज त्यानंच मिटवला असेल, तर ते काम मोठं आहे.

वेगळेपण हेही भांडवल

आतापर्यंत वाचून वाटेल, की दूरची टीम म्हणजे नुसती डोकेदुखी. तसं नाही. वेगवेगळ्या ठिकाणची माणसं वेगवेगळ्या चुका पकडतात.

नावाचंच उदाहरण घ्या. कितीतरी ऑनलाइन फॉर्ममध्ये आडनावाची चौकट भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या समाजात कित्येकांना आडनावच नसतं. दक्षिण भारतात आणि इंडोनेशियातही असे लाखो लोक आहेत. कुणाच्या शाळेच्या दाखल्यावर 'मोहम्मद', आधारवर 'मुहम्मद' आणि बँकेत नुसतं 'मो.'. या तीन नावांमुळे स्कॉलरशिप अडकलेली मुलं आपल्या ओळखीत असतात. हा फॉर्म बनवणाऱ्या टीममध्ये एक तरी जण असा असता, ज्याच्या घरात हे घडलंय, तर त्यानं पहिल्याच दिवशी हात वर केला असता.

तसंच लिपीचं. उर्दू आणि अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात. त्या वाचकासाठी सॉफ्टवेअर बनवताना नुसती अक्षरं बदलून भागत नाही, 'पुढे' आणि 'मागे' ही बटणंही बाजू बदलतात. दोन्ही लिपी हाताखालून गेलेल्या मुलाला हे शिकवावं लागत नाही. पण त्यानं ते बोललं पाहिजे, आणि आमच्या मते खरी अडचण तिथेच आहे.

आपल्याकडे काय होतं?

आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट एकाच बाकावरचे चार मित्र मिळून करतात. त्यातला एक जण कोड लिहितो, दुसरा फाइल बाइंड करून आणतो, उरलेले दोघे तोंडी परीक्षेपुरतं पाठ करतात. काही ठिकाणी तर तयार प्रोजेक्ट विकत मिळतो. अशा मुलाला नोकरी लागली, तरी पहिल्याच महिन्यात त्याला अनोळखी माणसाला लिहून प्रश्न विचारावा लागतो, आणि तिथे तो गप्प होतो.

ही गप्प बसण्याची सवय कॉलेजातून येत नाही, ती आमच्या शाळांतून येते. शिक्षक विचारतात, "समजलं का?" सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, "हो सर!" न समजलेला मुलगाही म्हणतो, कारण 'नाही' म्हणणं त्याला बेअदबी वाटते. पुढे त्यात इंग्रजीची भीती मिसळते. उर्दू किंवा मराठी माध्यमातून गेलेल्या मुलाला वाटतं, वाक्य चुकलं तर हसतील. खरं तर दूरच्या टीममध्ये साधं, तुटक, पण पूर्ण माहिती असलेलं इंग्रजी चालतं. झाग्रेब आणि वेस्टेरोसच्या विद्यार्थ्यांपैकीही बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. न चालणारी गोष्ट एकच, मौन. उत्तर आलं नाही तर समोरच्याला कळत नाही, की हा काम करतोय, अडकलाय, की सोडून गेलाय.

याचा सराव शाळेतही होतो. आम्ही वर्गात एक खेळ घेतो. वर्गाचे दोन गट करून वेगवेगळ्या खोल्यांत बसवतो. एका गटाला चित्र देतो : चौकोनांची एक रांग, त्यातला एक रंगवलेला, वर त्रिकोण, शेजारी झाड. त्यांनी ते फक्त शब्दांत चिठ्ठीवर लिहायचं, दुसऱ्यांनी चिठ्ठी वाचून काढायचं. चिठ्ठीत 'पहिला चौकोन रंगवा' असं असलं, की मराठी माध्यमाची मुलं डावीकडचा रंगवतात आणि उर्दू माध्यमाची मुलं उजवीकडचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर! दुसऱ्या फेरीत तीन प्रश्न लिहून विचारायची मुभा देतो. लगेच चित्र जुळायला लागतं. "झाड कुणाच्या डावीकडे?" हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाची पाठ आम्ही थोपटतो, चित्र सुबक काढणाऱ्याच्या आधी.

काय करता येईल?

कॉलेजांसाठी : परदेशी विद्यापीठाशी करार होईपर्यंत थांबायची गरज नाही. नांदेडचं एक कॉलेज आणि रत्नागिरीचं एक कॉलेज, दोन्हीकडचे तीन-तीन विद्यार्थी, आठ आठवड्यांचा एक छोटा प्रोजेक्ट. लायब्ररीच्या पुस्तकांची नोंद किंवा बचत गटाचा हिशेब असा साधा विषय चालेल. प्रमुख एका गावचा आणि उपप्रमुख दुसऱ्या गावचा ठेवावा. पहिला आठवडा कोड न लिहिता फक्त ओळख, कॅलेंडर आणि कामाचे करार लिहिण्यात घालवावा. सगळे तुकडे शेवटच्या आठवड्यात पहिल्यांदा जोडायची चूक करू नये, दर आठवड्याला जोडून चालवून पाहावेत.

विद्यार्थ्यांसाठी : इंटरनेटवर अनेक सॉफ्टवेअर असे आहेत, ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो. त्यात आधी लहान काम घ्या. सूचनांचा मराठी किंवा उर्दू अनुवाद तपासा, एखादी चूक नीट कळवा. तुमची प्रत्येक नोंद तिथे तुमच्या नावानं राहते आणि मुलाखतीत दाखवता येते.

पालकांसाठी : मुलाला 'कोणती लँग्वेज शिकलास?' हे जरूर विचारा. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारत चला. या आठवड्यात तुला काय कळलं नाही? आणि ते तू कुणाला विचारलंस?